आधी व्होल्ट वाचा, मग पिना मोजा

एप्रिल-मे आला की या स्तंभाकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. एरवी मीटर, इन्व्हर्टर, पावसाळ्यात भिंतीला येणारा करंट यांबद्दल विचारणा असते. सध्या बहुतेक पत्रं परदेशी निघालेल्यांची आहेत, म्हणून हा महिना त्यांचाच.

आयटीआयमध्ये तारतंत्रीच्या मुलांना शिकवताना मी पहिली सवय लावायचे ती पाटी वाचण्याची. प्रत्येक उपकरणाच्या बुडाशी किंवा चार्जरच्या पाठीवर बारीक अक्षरांत ‘इनपुट’ची ओळ असते. व्होल्ट म्हणजे विजेचा दाब, हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी तिची आवर्तनं. तिथे ‘१००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ’ असेल, तर ते उपकरण जवळपास कुठल्याही देशात चालेल, फक्त पिनेचा आकार जुळवायचा. नुसतं ‘२३० व्होल्ट, ५० हर्ट्झ’ असेल, तर पिन जुळवून भागत नाही. दुकानात ट्रॅव्हल अडॅप्टर म्हणून मिळणारी वस्तू पिनेचा आकार बदलते, विजेचा दाब बदलत नाही. पत्रांतला बहुतेक गोंधळ इथेच आहे. अक्षरं वाचता येत नसतील तर मोबाइलने फोटो काढा आणि मोठा करून बघा.

मुलीच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघं न्यू जर्सीला, एडिसनला सहा महिने जातोय. वाटणासाठी घरचा ७५० वॅटचा मिक्सर न्यायचा आहे. दुकानदार म्हणतो, हे अडॅप्टर लावा, काहीही चालतं. ह्यांना दमा आहे, त्यांचं नेब्युलायझरचं मशीनही सोबत असेल. ते त्याच अडॅप्टरवर चालेल ना?
*— एक वाचक, सातारा*

ताई, मिक्सरचं नंतर बघू. आधी नेब्युलायझर उलटा करून त्याची पाटी वाचा, आजच्या आज.

आपल्याकडे मिळणाऱ्या कॉम्प्रेसरच्या पुष्कळ नेब्युलायझरांवर फक्त २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ लिहिलेलं असतं. अमेरिकेत घरातल्या साध्या सॉकेटला १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ वीज असते. असं मशीन तिथे लावलं तर एक तर सुरूच होणार नाही, किंवा नुसतं गुणगुणेल आणि हवेचा पुरेसा दाब तयार होणार नाही. आवाज येतोय म्हणजे चालतंय असं वाटतं, पण औषध छातीत पोचत नाही. दम्याच्या माणसाच्या बाबतीत ही जोखीम घेऊ नका. डॉक्टरांना विचारून बॅटरीवर किंवा यूएसबीवर चालणारा मेश नेब्युलायझर घ्या, किंवा १००-२४० व्होल्टचा चार्जर असलेलं मशीन घ्या. मुलीला तिथलंच मशीन आणून ठेवायला सांगता आलं तर आणखी चांगलं. मशीन, औषधं आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत ठेवा, सामानात टाकू नका.

आता मिक्सर. तो २३० व्होल्टसाठी बनलेला आहे. १२० व्होल्टवर फिरेल, पण जीव नसल्यासारखा. ओलं खोबरं टाकलंत की अडेल, आणि अडलेली मोटार तापून जळते. तो तिथे चालवायचा तर दाब वाढवणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागतो. सुरू होताना मोटार जास्त वीज ओढते, म्हणून ७५० वॅटच्या मिक्सरला निदान १५०० वॅटचा ट्रान्सफॉर्मर हवा. ते लोखंडाचं आणि तांब्याचं काही किलोंचं धूड होतं. वाटणासाठी एवढं करू नका. एडिसनमध्येच ओक ट्री रोड म्हणून अख्खा रस्ता आपल्या लोकांच्या दुकानांचा आहे. अमेरिकेतल्या भारतीय दुकानांत ११० व्होल्टचे भारतीय मिक्सर मिळतात. जाताना इथून खलबत्ता न्या, मिक्सर तिथे घ्या. पुढच्या खेपेलाही तो मुलीकडे राहील.

(ज्या गावी तुम्ही जाताय त्याच गावाच्या हद्दीतल्या मेन्लो पार्कला एडिसनची प्रयोगशाळा होती. त्याने १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर वीजकेंद्र सुरू केलं ते ११० व्होल्टच्या आसपासचं. अमेरिकेच्या घराघरांत त्याच्याच जवळचा आकडा आजही टिकून आहे.)

मोबाइल, टॅब, लॅपटॉप यांचे चार्जर बहुधा १००-२४० चे असतात, त्यांची काळजी नको. तिथली पिन दोन चपट्या पात्यांची असते, खाली अर्थिंगची गोल पिन. अडॅप्टर तीन पिनांचं घ्या. आणखी एक गोष्ट: तिथल्या सॉकेटला शेजारी बटण नसतं. पिन घातली की वीज सुरू. काही खोल्यांत मात्र एखादं सॉकेट दाराजवळच्या दिव्याच्या बटणावर असतं. रात्री दिवा मालवलात की फोनचं चार्जिंगही थांबतं. पहिल्या दिवशीच मुलीकडून कोणतं सॉकेट कसलं ते बघून घ्या.

सप्टेंबरमध्ये लीड्सला एमएससीसाठी जातोय. आईने भाताचा कुकर (इलेक्ट्रिक, ७०० वॅट), लॅपटॉप आणि एक युनिव्हर्सल अडॅप्टर दिलंय. एवढं पुरेल का?
*— एक विद्यार्थी, छत्रपती संभाजीनगर*

ब्रिटनमध्ये दाब आपल्यासारखाच आहे, २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ. म्हणजे तुझा कुकर तिथे इथल्यासारखाच भात शिजवेल. प्रश्न फक्त पिनेचा आहे, आणि त्याचं उत्तर युनिव्हर्सल अडॅप्टर नाही.

त्यांची पिन तीन जाड चौकोनी पात्यांची, ‘जी’ (G) टाइपची. १९४७ साली तिचं मानक आलं. युद्धानंतर तांब्याची टंचाई होती. म्हणून घरभर एकच गोल फिरणारी तार टाकायची आणि तिच्यावर हवी तेवढी सॉकेटं काढायची, अशी पद्धत त्यांनी घेतली. त्या तारेचा मुख्य फ्यूज ३० अँपिअरचा. तेवढा फ्यूज एखाद्या बारीक वायरला वाचवू शकत नाही, म्हणून प्रत्येक पिनेच्या पोटात स्वतःचा छोटा फ्यूज बसवला. आपण वापरतो ती तीन गोल पिनांची रचनाही मूळची त्यांचीच. त्यांनी ती सोडली, आपण ठेवली.

तुझ्यासाठी याचा अर्थ असा. कुकरची वायर मागून काढता येण्यासारखी असेल, तर इथली वायर घरीच ठेव आणि तिथे त्याच तोंडाची ब्रिटिश पिनेची वायर विकत घे. लॅपटॉपच्या चार्जरचंही तेच. चार्जरला भिंतीकडून येणारी वायर सुटी असते. तिच्या टोकाला तीन पानांसारखा आकार असेल तर ती वायर सगळीकडे मिळते. फक्त तेवढी बदलायची. मध्ये अडॅप्टर नाही, सैल सांधा नाही, अर्थिंग थेट. लांब मुक्कामाला जाणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते, आणि दरवेळी वाटतं की ही साधी गोष्ट दुकानदार का सांगत नाहीत.

कुकरची वायर आतून जोडलेली असेल तर पिन टॉप बदलावा लागेल. ब्रिटिश टॉप तिथे सहज मिळतो. तपकिरी वायर फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग. तुझ्या वायरीत लाल, काळा, हिरवा असेल तर लाल फेज, काळा न्यूट्रल. टॉपमधला फ्यूज उपकरण बघून घ्यायचा: साधारण ७०० वॅटपर्यंत ३ अँपिअर, त्याहून जास्त असेल तर १३. तुझा कुकर बरोबर काठावर आहे, आणि आपल्या घरी दाब २३० च्या वर-खाली होतो तसा तिथेही होतो, म्हणून ५ अँपिअरचा मिळाला तर तो घाल. हे काम कधी केलं नसशील तर जाण्याआधी ओळखीच्या वायरमनकडे बसून एकदा शिकून घे. मुलामुलींना हे यायलाच हवं.

सामान बांधण्याआधी वसतिगृहाचे नियम मात्र वाच. पुष्कळ ठिकाणी खोलीत कुकर ठेवायला बंदी असते आणि बाहेरून आणलेली विजेची उपकरणं तपासली जातात. न्हाणीघरात ‘शेव्हर’ लिहिलेलं छोटं सॉकेट दिसेल. ते दाढीच्या मशीनसाठी आहे. तिथे दुसरं काही लावू नकोस.

माझे यजमान मस्कतला असतात. खोलीतली सगळी मुलं दोन पिनांचा चार्जर लावताना सॉकेटच्या वरच्या भोकात पेन खुपसतात. हे बघून मला भीती वाटते. मी उगाच घाबरते का?
*— एक वाचक, खेड, जि. रत्नागिरी*

नाही ताई, तुमची भीती बरोबर आहे. हे तुम्ही यजमानांना वाचून दाखवा.

आखातात मस्कत, दुबई, दोहा, कुवेत सगळीकडे तीच ब्रिटिश तीन पात्यांची पिन. सॉकेटच्या खालच्या दोन भोकांच्या आत पडदे असतात. वरची अर्थिंगची पिन थोडी लांब असते. ती आधी आत जाते आणि पडदे उघडते. लहान मुलाने खिळा किंवा हेअरपिन घातली तर विजेपर्यंत पोचू नये, म्हणून ही सोय केलेली आहे. पेन खुपसून पडदे उघडले की ती सोय संपली. दुसरं म्हणजे ती भोकं चपट्या पात्यांसाठी आहेत. गोल बारीक पिन आत गेली तरी घट्ट धरली जात नाही. सैल सांधा तापतो, ठिणगी पडते, प्लास्टिक वितळतं. एका खोलीत आठ-दहा माणसं झोपलेली असताना रात्रभर असे चार्जर लागलेले असणं फार वाईट.

उपाय स्वस्त आहे. आत दोन गोल भोकं, बाहेर तीन चपट्या पिना आणि पोटात फ्यूज असलेलं अडॅप्टर तिकडे कुठल्याही दुकानात मिळतं. त्याहून बरं म्हणजे तिथल्याच पिनेचा नवा चार्जर. इथून पंखा, इस्त्री, मिक्सर पाठवणार असाल तर दाबाची अडचण नाही. तिकडे २४० व्होल्ट असतात, आपली उपकरणं ते सोसतात. फक्त टॉप बदलून घ्यायला सांगा.

आम्ही ज्येष्ठ नागरिकांचा गट, पॅरिस, स्वित्झर्लंड, इटली असा दौरा आहे. सगळ्यांनी मिळून दोन स्टीलच्या किटल्या (१५०० वॅट) नेतोय, सकाळचा चहा आणि रात्रीची खिचडी यासाठी. ‘युरोपचं अडॅप्टर’ म्हणून दोन गोल पिनांचं एक घेतलंय. सगळीकडे चालेल का?
*— एक वाचक, सांगली*

काका, ते अडॅप्टर फोनसाठी ठेवा. त्यावर किटली लावू नका, एकदाही नाही.

युरोपभर दाब २३० व्होल्ट आहे, त्यामुळे किटली चालेल हे खरं. पण दोन बारीक गोल पिनांचा तो सी टाइपचा नमुना २.५ अँपिअरसाठी ठरवलेला आहे. तुमची १५०० वॅटची किटली साडेसहा अँपिअर ओढते. बारीक पिना आणि आतल्या पातळ पट्ट्या तापतात. पाणी उकळून होईपर्यंत काही दिसत नाही, तिसऱ्या-चौथ्या वेळी जळका वास येतो. त्यातही किटली स्टीलची. दोन पिनांच्या अडॅप्टरमध्ये अर्थिंगची जोडणीच नाही. आतली कॉइल फुटली किंवा पाणी सांडलं तर अख्ख्या किटलीवर फेज येईल आणि ओल्या हाताने ती धरलेली असेल. तिसरी पिन काही शोभेची नाही. वर्गात मी हे इतक्या वेळा सांगायचे की मुलं माझ्याआधी म्हणायची.

पॅरिसच्या सॉकेटात खोलगट गोल खळगा असतो आणि त्यातून अर्थिंगची एक पिन बाहेर आलेली असते. जर्मनीत तसाच खळगा, पण अर्थिंगच्या पट्ट्या कडेला. दोन्हीकडे अर्थिंगसकट बसणारं जाड गोल अडॅप्टर मिळतं: कडेला पट्ट्या आणि पुढे एक भोक. किटली न्यायचीच असेल तर ते घ्या, त्यावर १६ अँपिअर लिहिलेलं बघा.

पण तुमच्या दौऱ्यात पुढे स्वित्झर्लंड आहे. तिथला खळगा लांबट सहा कोनांचा, त्यामुळे जाड गोल अडॅप्टर आत जातच नाही. त्यांच्या तीन पिना वेगळ्या, मधली जरा बाजूला सरकलेली. इटलीत पुन्हा निराळं: तीन पिना एका ओळीत, त्यातही १० अँपिअरची भोकं बारीक आणि १६ ची जाड व लांब अंतराची. म्हणजे किटलीसाठी अर्थिंगची तीन वेगवेगळी अडॅप्टरं हवीत. माझं प्रांजळ मत विचाराल तर किटल्या घरी ठेवा. खोलीत स्वयंपाक केलेला हॉटेलांना चालत नाही आणि धुराचा अलार्म वाजला की सगळा गट रात्री खाली उभा राहतो. गरम पाणी स्वागतकक्षात किंवा नाश्त्याच्या हॉलमध्ये मागा, थर्मास सोबत ठेवा. झटपट पोहे, उपमा यांची पाकिटं त्यावर भागतात. हे दौऱ्याच्या व्यवस्थापकाशी निघण्याआधीच बोलून ठेवा.

तुमचं दोन पिनांचं अडॅप्टर फोनच्या चार्जरसाठी तिन्ही देशांत बहुतेक ठिकाणी चालेल. फक्त त्याचं अंग सडपातळ हवं. रुंद ठोकळ्यासारखं असेल तर स्विस खळग्यात अडकतं आणि पिना तळापर्यंत पोचत नाहीत. एका खोलीत दोघांचे फोन, कॅमेरा, श्रवणयंत्राचा चार्जर असं असेल, तर दोन-तीन यूएसबी तोंडांचा एकच चांगला चार्जर न्या. भिंतीतली एक जागा पुरते. ज्या हॉटेलात खोलीचं कार्ड खाचेत घातल्यावर वीज सुरू होते, तिथे तुम्ही बाहेर पडलात की चार्जिंग बंद. श्रवणयंत्रं रात्रीच भरून घ्या.

म्युनिकमध्ये नोकरीला आलोय. भारतातून आणलेल्या लॅपटॉपचं झाकण चार्जिंग करताना खरखरीत लागतं, झिणझिण्या येतात. लॅपटॉप बिघडलाय का?
*— एक वाचक, म्युनिक*

बहुधा नाही. तुम्ही तीन पिनांचा चार्जर दोन पिनांच्या अडॅप्टरवर लावलेला असणार. चार्जरमध्ये गोंगाट गाळण्यासाठी छोटे कपॅसिटर असतात. त्यांच्यातून किंचित वीज धातूच्या अंगावर येते आणि एरवी अर्थिंगच्या तारेने निघून जाते. अर्थिंग तोडलंत की ती तुमच्या बोटांतून जायला बघते. एवढ्या विजेने सहसा इजा होत नाही, पण त्रास होतो. जर्मन पिनेची वायर आणून चार्जरला लावा. अर्थिंगची वायर लावूनही झिणझिण्या राहिल्या तर मात्र वापर थांबवा आणि चार्जर तपासून घ्या.

जपानला साकुरा बघायला जातोय. सोबत शेकायची विजेची पिशवी (माझे गुडघे) आणि मुलीचं केस सरळ करायचं मशीन आहे.
*— एक वाचक, ठाणे*

जपानमध्ये १०० व्होल्ट. उष्णता देणारी वस्तू अर्ध्याहून कमी दाबावर लावली की तिची ताकद अर्धी होत नाही, दाबाच्या वर्गाने घटते. तुमची २३० व्होल्टची पिशवी तिथे पाचव्या हिश्श्यालाही पोचणार नाही, जेमतेम कोमट होईल. साधी रबरी पिशवी न्या, हॉटेलच्या खोलीत किटली असतेच. तिथल्या औषधांच्या दुकानांत अंगाला चिकटवायचे गरम पट्टे मिळतात, त्यांना ‘काइरो’ म्हणतात. गुडघ्यांना बरं वाटेल, फक्त थेट कातडीवर लावायचे नाहीत. केसांच्या मशीनची पाटी बघा. त्यातली पुष्कळ १००-२४० ची असतात.

पिन दोन चपट्या पात्यांची, अमेरिकेसारखी. तिसऱ्या गोल पिनेला बऱ्याच ठिकाणी भोकच नसतं, म्हणून इथे दोन पिनांचं अडॅप्टर लागेल. जपानची एक गंमत सांगते. तोक्यो बाजूला ५० हर्ट्झ आणि ओसाका बाजूला ६० हर्ट्झ वीज आहे, एकाच देशात. १८९५ च्या सुमारास तोक्योने यंत्रं जर्मनीकडून घेतली, पुढच्या वर्षी ओसाकाने अमेरिकेकडून. ती फाळणी अजून मिटलेली नाही. २०११ च्या भूकंपानंतर पूर्वेला विजेचा तुटवडा पडला, तेव्हा पश्चिमेची वीज हवी तेवढी तिकडे देता आली नाही, ती याचमुळे. तुमच्या चार्जरला मात्र दोन्ही चालतात.

भाची शिकागोहून येतेय. तिचा हेअर ड्रायर अडॅप्टर लावून इथे चालेल का? आणि पॉवर बँक कुठे ठेवायची?
*— एक वाचक, पणजी*

ड्रायर आणू नको म्हणावं. तिथल्या ड्रायरवर बहुधा १२५ व्होल्ट, १८७५ वॅट असं असतं. आपल्या २३० वर तोच सहा हजार वॅटच्या पुढे ओढायला जाईल. काही सेकंदांत कॉइल लाल होऊन जळते. नशीब चांगलं असेल तर त्याआधी घरचा एमसीबी पडतो. काही ड्रायरांना १२५ आणि २५० अशी नाण्याने फिरवायची खूण असते. तसा असेल तरच, आणि ती खूण २५० वर फिरवल्यावरच लावायचा. तिच्या टूथब्रशच्या चार्जरची पाटीही वाचायला सांगा. त्यातले काही फक्त ११० चे असतात.

पॉवर बँक हातातल्या बॅगेतच ठेवायची, सामानात चालत नाही. साधारण मर्यादा १०० वॅट-अवरची. २०,००० एमएएचची पॉवर बँक ७४ च्या आसपास येते, म्हणजे बसते.

पुण्यात तपकीर गल्लीत एकाच आकाराची दहा अडॅप्टरं मिळतात, भाव मात्र वेगवेगळे. चांगलं कसं ओळखायचं?
*— एक वाचक, पुणे*

स्वतःचा सगळ्यात जड चार्जर, म्हणजे लॅपटॉपचा, तीन गोल पिनांच्या टॉपसकट दुकानात न्या. पुष्कळ ‘युनिव्हर्सल’ अडॅप्टरांत आपला जाड टॉप जातच नाही. गेला तर अडॅप्टर उलटं धरा आणि हलकेच हलवा. टॉप सुटून पडला किंवा डगमगला तर ते परत ठेवा.

मग अर्थिंग. कित्येकांना तिसरी पिन दिसते, पण ती प्लास्टिकची असते, किंवा धातूची असूनही आत कशालाच जोडलेली नसते. दुकानदाराकडे मल्टिमीटर किंवा टेस्ट लॅम्प असतो. आपल्या बाजूच्या अर्थिंगच्या भोकापासून बाहेरच्या पिनेपर्यंत जोडणी आहे का, ते त्याला तपासायला सांगा. मागायला लाजू नका. वर अँपिअरचा आकडा हवा. ‘६ अँपिअर’ लिहिलं असेल तर २३० व्होल्टवर ते १३८० वॅटपर्यंत, पण अमेरिकेत त्याच आकड्याचे जेमतेम सातशे वॅट होतात. सरकणाऱ्या पिनांची चार-पाच देशांची एकत्र डबी फोन आणि कॅमेऱ्याला ठीक. इस्त्री, किटली, ड्रायर तिच्यावर लावू नका. एकाच देशात जायचं असेल तर त्या देशाचं साधं, ठोस, एकाच आकाराचं अडॅप्टर घ्या. डबीपेक्षा ते जास्त टिकतं.

एक अडॅप्टर आणि आपला इथला एक्स्टेन्शन बोर्ड अशी जोडी चार्जरांसाठी चांगली चालते. फक्त क्रूझवर जाणार असाल तर आधी विचारा, बऱ्याच जहाजांवर बोर्ड काढून घेतात.

दक्षिण आफ्रिकेत सफारीला जातोय. तिथली पिन भारतात मिळत नाही असं ऐकलं.
*— एक वाचक, नागपूर*

तुमच्या घरातच आहे. गिझर आणि एसीला लावतो तो आपला १६ अँपिअरचा मोठा तीन पिनांचा टॉप तिथल्या जुन्या, सगळीकडे दिसणाऱ्या सॉकेटमध्ये बसतो. दोन्हींचा उगम त्याच जुन्या ब्रिटिश पिनेत आहे. दाबही २३० व्होल्ट. आपला लहान टॉप मात्र तिथे बसत नाही. इथल्या विजेच्या दुकानात १६ चं ६ करणारा कन्व्हर्जन प्लग मिळतो. बाहेर मोठ्या पिना, आत लहान टॉपची जागा. तोच न्या. नव्या इमारतींत एन टाइपची लहान सॉकेटं बसवायला सुरुवात झाली आहे. त्यांत दोन बारीक गोल पिनांचा फोनचा चार्जर थेट जातो. कन्व्हर्जन प्लग आयएसआय शिक्क्याचा घ्या, आणि निघण्याआधी घरच्या एसीच्या सॉकेटमध्ये घालून, त्यावर कॅमेऱ्याचा चार्जर लावून एकदा बघा.